गुलमर्गला पहिल्यांदा स्कीइंगसाठी जाताना

काश्मीरच्या नेहमीच्या सहलीत गुलमर्गच्या वाट्याला एकच दिवस येतो. सकाळी श्रीनगरहून निघायचे, टंगमर्गला भाड्याचे गमबूट आणि लांब कोट चढवायचे, गोंडोलातून, म्हणजे तारेवरून चालणाऱ्या केबल कारमधून, वर जाऊन यायचे, तासभर पायांत स्की अडकवून फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचे, असा तो कार्यक्रम असतो. पर्यटन म्हणून त्यात काही गैर नाही, पण ज्यांना खरोखर स्कीइंग शिकायचे आहे त्यांच्यासाठी हा आराखडा पूर्णपणे निरुपयोगी आहे. पहिला दिवस बूट, तोल आणि पडणे-उठणे यांतच जातो, दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि शरीराला उताराची समज येऊ लागते ती साधारण तिसऱ्या दिवसापासून. म्हणून पहिल्या सहलीसाठी प्रत्यक्ष बर्फावरचे किमान पाच दिवस हाताशी ठेवावेत, ते सगळे मुक्काम गुलमर्गमध्येच करावेत आणि दल सरोवर, मुघल बागा, सोनमर्ग यांचा मोह या खेपेला आवरावा.

भारतात औली, सोलंग, नारकंडा येथेही स्कीइंग होते. तरीही नवशिक्यासाठी मी गुलमर्ग सुचवतो, कारण २,६५० मीटर उंचीवरच्या या गावाच्या मध्यभागीच मोठे, खोलगट कुरण आहे आणि त्याच्या कडेचे उतार शिकण्यासाठी अगदी योग्य, म्हणजे बेताच्या चढाचे आणि खाली सपाटीवर आपोआप थांबवणारे आहेत. तेथे ओढून नेणाऱ्या छोट्या ड्रॅग लिफ्ट आहेत, मुक्कामाची ठिकाणे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि शिकवणारे भरपूर आहेत.

महिना निवडताना थोडा विचार करावा. हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत मानला जातो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचे ‘चिल्ले कलान’, म्हणजे काश्मीरमधील सर्वांत कडक थंडीचा काळ सुरू होतो. त्या काळात भरपूर बर्फ पडणे अपेक्षित असले, तरी अलीकडे हे गणित बेभरवशाचे झाले आहे. जानेवारी २०२४ मध्ये महिनाअखेरपर्यंत गुलमर्गचे उतार जवळजवळ उघडे होते आणि नाताळच्या सुट्टीत हौसेने आरक्षण केलेल्यांची मोठी निराशा झाली. फेब्रुवारीचे पहिले तीन आठवडे मला सर्वांत भरवशाचे वाटतात. मार्चमध्ये दिवस मोठा होतो आणि थंडी सोसवते, पण बर्फ सकाळी कडक आणि दुपारी पाणचट असतो, तेव्हा धड्याची वेळ त्यानुसार ठरवावी लागते. गुलमर्गला खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धा असतात त्या आठवड्यात खोल्या मिळणे अवघड होते, म्हणून त्यांच्या तारखा आधी पाहून घ्याव्यात. शक्य असेल तेथे रद्द करता येणारे किंवा तारीख बदलता येणारे आरक्षणच करावे, त्यासाठी थोडे जास्त पैसे पडले तरी चालतील.

पाच दिवसांच्या शिक्षणासाठी घरापासून घरापर्यंत आठ-नऊ दिवस धरावे लागतात. मुंबईहून श्रीनगरला सकाळी पोहोचणारे विमान घेतले, तर उजेडातच सुमारे पन्नास किलोमीटरवरचे गुलमर्ग गाठता येते. टंगमर्गपासून वरचा तेरा किलोमीटरचा घाट बर्फात निसरडा होतो आणि त्या स्थितीत चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना गती मिळणाऱ्या गाड्याच वर सोडल्या जातात. त्यामुळे श्रीनगरच्या टॅक्सीवाल्याशी बोलतानाच ‘थेट गुलमर्गपर्यंत की टंगमर्गपर्यंत’ हे स्पष्ट करून घ्यावे आणि टंगमर्गहून दुसरी गाडी करावी लागल्यास तिचे भाडे हिशेबात धरावे. परतीच्या वेळी गुलमर्गहून उतरून त्याच दिवशीचे विमान गाठण्याचा बेत कधीही करू नये. एका रात्रीच्या बर्फाने घाट बंद होऊ शकतो, श्रीनगरची विमाने कमी दृश्यमानतेमुळे रद्द होतात आणि जम्मूचा महामार्गही अशा वेळी बंद असण्याचीच शक्यता असते. शेवटची रात्र श्रीनगरमध्ये काढावी आणि त्यापलीकडे आणखी एक दिवस रजेत शिल्लक ठेवावा. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली आहे, तेव्हा विमाने ठप्प झाल्यास निदान एक पर्याय हाताशी आहे.

आरक्षण करण्यापूर्वी सुरक्षेची परिस्थितीही पाहणे आवश्यक आहे. एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हल्ल्यानंतर काश्मीरमधील अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद ठेवण्यात आली होती. प्रशासनाच्या ताज्या सूचना वाचूनच तारखा पक्क्या कराव्यात.

खोली ठरवताना फोटोंपेक्षा चार प्रश्न महत्त्वाचे आहेत: खोली गरम कशाने होते, वीज गेल्यावर काय सोय आहे, नळाला गरम पाणी किती वेळ असते आणि शिकण्याच्या उतारापर्यंत चालत किती वेळ लागतो. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, पण कडक बूट घालून आणि स्की खांद्यावर घेऊन बर्फातून वीस मिनिटे चालणे काय असते, हे पहिल्याच सकाळी कळते. खोलीत बुखारी, म्हणजे लाकूड-कोळशाची बंद शेगडी, किंवा गॅसचा हीटर असेल तर खिडकीची फट उघडी ठेवावी आणि झोपण्यापूर्वी तो विझवावा. बंद खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि काश्मीरच्या हिवाळ्यात त्याने माणसे दगावली आहेत. ही सूचना सोबतच्या प्रत्येकाला सांगून ठेवावी.

शिकण्याचे दोन मार्ग आहेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था गुलमर्गमध्येच आहे, तर पहलगामची जवाहर गिर्यारोहण व हिवाळी क्रीडा संस्था गुलमर्गच्या उतारांवर अभ्यासक्रम घेते. या संस्थांमध्ये शिस्त, साहित्य आणि निवास एकत्र मिळतो, पण जागा लवकर भरतात आणि काही अभ्यासक्रमांसाठी सुमारे दोन आठवडे द्यावे लागतात. रजा कमी असेल तर खासगी प्रशिक्षक घ्यावा. त्याच्याकडे परवाना आहे का हे पाहावे, फी दिवसाची की तासाची आणि त्यात साहित्य धरले आहे का हे आधी बोलून घ्यावे आणि पाचही दिवस शक्यतो एकच प्रशिक्षक ठेवावा, कारण रोज नवा माणूस आला की रोज पहिल्यापासून सुरुवात होते. गाडीतून उतरताच घेरणाऱ्यांपैकी कोणाशीही तेथल्या तेथे सौदा करू नये. एका प्रशिक्षकामागे दोन-तीन विद्यार्थी ठीक आहेत, त्याहून जास्त असल्यास उभे राहण्यातच वेळ जातो.

स्की, बूट, पोल आणि हेल्मेट भाड्याने घ्यावे, पहिल्या सहलीसाठी विकत घेऊ नये. मात्र या सर्वांत बूट हीच वस्तू अशी आहे की जिच्यासाठी दुकानात तासभर लागला तरी तो सार्थकी लागतो. स्कीच्या बुटांचे माप सेंटिमीटरमध्ये असते, म्हणून घरून निघण्यापूर्वी संध्याकाळी टाच भिंतीला टेकवून उभे राहावे, सर्वांत लांब बोटापाशी खूण करावी आणि भिंतीपासून खुणेपर्यंतचे अंतर दोन्ही पायांसाठी मोजून लिहून ठेवावे. दुकानात एकच पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारा लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा मोजा घालावा. थंडीच्या भीतीने दोन मोजे घातले की त्यांच्या चुण्या पडतात, रक्तप्रवाह अडतो आणि पाय उलट लवकर गारठतात. बुटात मोज्याशिवाय काहीही जाऊ देऊ नये, थर्मलची विजारही पोटरीवर दुमडून वर ठेवावी. बूट घातल्यावर टाच मागे आपटून बसवावी आणि घोट्याजवळचा बकल आधी लावावा. ताठ उभे राहिल्यावर बोटांची टोके पुढे जेमतेम लागली पाहिजेत आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर टेकवल्यावर ती मागे सरकली पाहिजेत. त्या स्थितीत टाच वर उचलून पाहावी. ती उचलली गेली तर बूट मोठा आहे, मग तो कितीही आरामदायी वाटो. सैल बूट दुकानात सुखाचा वाटतो, पण उतारावर पाय वळतो आणि स्की वळत नाही. निवडलेला जोड घालून दुकानातच दहा मिनिटे थांबावे आणि एखाद्या ठिकाणी हाडावर टोचत असेल तर संकोच न करता बदलून मागावा.

स्कीची लांबी नवशिक्यासाठी हनुवटीच्या आसपास असावी. बूट स्कीला जखडणारे बाइंडिंग ठरावीक जोर पडल्यावर सुटावे लागते आणि तो जोर वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरवला जातो. येथे वजन खरे सांगावे आणि स्वतःला नवशिकाच म्हणावे. बाइंडिंग गरजेपेक्षा घट्ट असेल तर पडताना स्की सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो.

कपड्यांबाबत मुख्य नियम एवढाच, की अंगाला लागून सुती काहीही नको, कारण घाम शोषलेले सूत वाळत नाही आणि थांबल्याबरोबर अंग गार पडते. आत थर्मल, त्यावर फ्लीस आणि वर वारा व पाणी अडवणारे जॅकेट आणि पँट असे तीन थर पुरतात. टंगमर्गचा भाड्याचा लांब कोट स्कीइंगला चालत नाही. जलरोधक हातमोजे आणि गॉगल मात्र चांगल्या प्रतीचे असावेत. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परावर्तित करतो आणि उंचीबरोबर त्यांची तीव्रताही वाढते, त्यामुळे ढगाळ दिवशीही डोळे झाकलेले असावेत आणि सनस्क्रीन नाकाखाली व हनुवटीखालीही लावावे.

शरीराची तयारी दीड-दोन महिने आधी सुरू करावी. सह्याद्रीत नियमित ट्रेक करणाऱ्यांना दमाचा प्रश्न येत नाही, परंतु स्कीइंगमध्ये गुडघे वाकवलेल्या स्थितीत बराच वेळ तोलून धरावे लागतात आणि ती ताकद निराळी आहे. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखे थांबणे, उठाबशा, एका पायावर उभे राहणे आणि जिने सावकाश उतरणे, एवढे रोज पंधरा-वीस मिनिटे केले तरी फरक पडतो.

गुलमर्गच्या उंचीवर पहिल्या दिवशी थोडी डोकेदुखी आणि उथळ झोप अनेकांना जाणवते. त्या दिवशी दगदग करू नये, पाणी भरपूर प्यावे, मद्य टाळावे. डोकेदुखी वाढत जाऊन ओकारी किंवा चालताना झोक जाणे सुरू झाले, तर वाट न पाहता खाली उतरावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

पहिल्या धड्यात प्रशिक्षक आधी एकाच स्कीवर सरकवतो, मग आडवे पाऊल टाकत चढायला लावतो आणि त्यानंतर स्नोप्लाऊ शिकवतो. यात स्कीची टोके जवळ आणणे, मागची बाजू रुंद उघडणे आणि आतल्या कडांवर दाब देऊन वेग रोखणे एवढेच असते, पण याच एका हालचालीवर पुढचे सगळे अवलंबून असते. वेग वाढला की मन मागे झुकायला सांगते आणि मागे झुकताच स्कीच्या टोकांवरचा ताबा जातो. नडग्या बुटाच्या पुढच्या बाजूला टेकलेल्या आहेत ना, हे स्वतःशी सारखे तपासत राहावे. पडणे अटळ दिसले तर कडेला, डोंगराच्या बाजूला पडावे. उठताना स्की शरीराच्या खालच्या अंगाला, उताराला आडव्या ठेवाव्यात, नाहीतर उठता उठताच पुन्हा घसरायला होते. पोलचे पट्टे मनगटात अडकवू नयेत, कारण हात टेकून पडल्यावर अंगठ्याचा सांधा दुखावतो. खालच्या माणसाला चुकवण्याची जबाबदारी नेहमी वरून येणाऱ्याची असते आणि थांबायचे ते उताराच्या कडेला. गुलमर्गच्या खालच्या उतारांवर स्लेजवाले, घोडे आणि हिंडणारे पर्यटकही असतात, म्हणून धड्यासाठी सकाळची लवकरची वेळ मागून घ्यावी. तिसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी घ्यावी, कारण थकलेल्या पायांनीच सर्वाधिक दुखापती होतात.

गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा २००५ मध्ये अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरपर्यंत सुरू झाला. त्याची तिकिटे आधी ऑनलाइन काढावी लागतात आणि जोराचा वारा किंवा हिमस्खलनाचा धोका असल्यास तो बंद ठेवतात. पहिल्या सहलीत वर जावे ते केवळ पाहण्यासाठी आणि गोंडोलानेच खाली यावे. अफरवटचा थोडाच भाग स्की पेट्रोलच्या, म्हणजे उतारांवर गस्त घालणाऱ्या सुरक्षा पथकाच्या, देखरेखीखाली असतो, बाकीचा मोकळा डोंगर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथे हिमस्खलनात दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू मरण पावला. चौथ्या दिवशी आत्मविश्वास आलेल्या विद्यार्थ्याला कोणी ‘चला, वरून उतरवतो’ म्हणाले, तरी ठामपणे नाही म्हणावे.

विमा काढताना पॉलिसीत स्कीइंग समाविष्ट आहे का हे मजकूर वाचून पाहावे, कारण नेहमीच्या प्रवासविम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. गंभीर अस्थिभंगासाठी श्रीनगरच्या बरझुल्ला भागातील सरकारी अस्थिरोग रुग्णालय गाठावे लागते, तेव्हा हॉटेलकडे रात्री-अपरात्री गाडीची सोय आहे का, हेही आधीच विचारावे. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, म्हणून गटातील निदान दोघांकडे पोस्टपेड जोडणी असावी. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, त्यामुळे फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावा. पुरेशी रोकडही जवळ असावी.

परतीच्या दिवशी श्रीनगर विमानतळावर सामानाची तपासणी टर्मिनलच्या बाहेरूनच सुरू होते आणि ती अनेक टप्प्यांत चालते, त्यामुळे उड्डाणाच्या किमान तीन तास आधी तेथे पोहोचावे.