युद्धाचे खापर राष्ट्रवादावर फोडताना या चुका टाळा

आंतरराष्ट्रीय संघर्षांवरचे विद्यार्थ्यांचे निबंध मी बरीच वर्षे तपासत आले आहे. राष्ट्रवादाचा उल्लेख आला की बहुतेकांचा विचार तिथेच थांबतो, आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात.

सर्वांत हट्टी चूक म्हणजे ‘शतकानुशतकांचे वैर’. युगोस्लाव्हियावरच्या एका निबंधाची सुरुवात १३८९ च्या कोसोव्होच्या लढाईने झाली होती आणि तिसऱ्याच वाक्यात १९९१ चे सर्ब-क्रोएट युद्ध उजाडले होते. मी समासात प्रश्न लिहिला : मग १९६१ मध्ये युद्ध का झाले नाही? सुधारित खर्ड्यात उत्तर आले की युगोस्लाव्हियाचा शासक टिटो याने ते वैर दडपून ठेवले होते. मी निबंध पुन्हा परत केला, कारण १३८९ मध्ये सर्बांसमोर क्रोएट नव्हते, ऑटोमन सैन्य होते. ज्या वैरावर सगळा निबंध उभा होता, त्याचा त्या लढाईशी संबंधच नव्हता. दुसऱ्या महायुद्धातल्या उस्ताशांच्या (क्रोएट फॅसिस्टांच्या) अत्याचारांची आठवण मात्र खरी होती आणि ती भोगलेली माणसे अजून हयात होती. तरीही ती आठवण भीतीत कशी बदलली, हे १९८० च्या दशकातच शोधावे लागते : टिटोचा मृत्यू, परकीय कर्ज, भडकलेली महागाई, १९८९ मध्ये सर्बियातल्या कोसोव्हो प्रांताच्या स्वायत्ततेवर आलेली गदा आणि त्याच वर्षी २८ जून रोजी १३८९ च्या त्याच रणभूमीवर, गाझिमेस्तानच्या मैदानावर, जमलेल्या प्रचंड समुदायापुढे सर्बियाचा नेता मिलोशेविच याने केलेले भाषण. माझी सवय अशी की युद्धाची तारीख कागदाच्या तळाशी लिहायची आणि तिच्या वर मागची दहा वर्षे एकेक करून भरायची. मध्ययुगाकडे वळायचे ते त्यानंतर, आणि तेही गरज पडली तरच. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून लिहिलेला निबंध मला वाचवत नाही.

दुसरी चूक गर्दीच्या जयघोषाला युद्धाचे कारण समजण्याची. ३० मार्च १९८२ रोजी ब्युनॉस आयर्समध्ये लष्करी राजवटीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते. २ एप्रिलला अर्जेंटिनाच्या सैन्याने ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटे घेतली आणि प्लाझा दे मायो चौक त्याच राजवटीच्या जयजयकाराने दुमदुमला. उतावळा विद्यार्थी लगेच लिहितो की निदर्शने थोपवण्यासाठीच स्वारी झाली. पण स्वारीची तयारी त्या निदर्शनांच्या आधीपासून सुरू होती आणि बेटांवरचा दावा तर १८३३ पासूनचा होता. माझ्या मते इथे राष्ट्रभावनेचा खरा परिणाम नंतर दिसतो : ३ एप्रिलला सुरक्षा परिषदेने सैन्य मागे घेण्याचा ठराव केला, तेव्हा जयघोष करणाऱ्या त्याच लोकांसमोर माघार घेणे अर्जेंटिनाचा लष्करशहा गाल्तिएरी याला जवळजवळ अशक्य झाले होते. युद्ध पेटवणे आणि माघारीची वाट बंद करणे या दोन गोष्टी वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहाव्यात.

१९६९ च्या एल साल्वाडोर–होंडुरास युद्धाला ‘फुटबॉल युद्ध’ म्हणून मोकळे होऊ नये. होंडुरासमधला जमिनीचा प्रश्न आणि तिथून हाकलले जाणारे साल्वाडोरी शेतकरी हे प्रश्न दोन्ही देशांतल्या फुटबॉल सामन्यांच्या आधीचे आहेत.

भाषा किंवा पंथ एक म्हणजे निष्ठाही एक, असे गृहीत धरू नये. १९८० मध्ये इराणशी युद्ध सुरू करताना इराणच्या खुझेस्तान प्रांतातले अरब आपल्या बाजूने उठतील ही इराकच्या सद्दामची अपेक्षा फोल ठरली आणि इराकच्या सैन्यातले शिया जवानही इराणविरुद्ध लढत राहिले.

न झालेली युद्धे वगळणे हीसुद्धा चूकच आहे, आणि ती मी खपवून घेत नाही. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, तेव्हा सार्वमतात विभक्त होण्याच्या विरोधात अवघी १८४ मते पडली होती. राष्ट्रभावना याहून प्रखर असू शकत नाही. दोन्हीकडे सैन्याची जमवाजमवही झाली होती. तरीही कार्लस्टाड येथील वाटाघाटींत सीमेवरचे किल्ले निकामी करण्यावर आणि निर्लष्करी पट्ट्यावर तडजोड झाली. युगोस्लाव्हियावर लिहिणाऱ्याने ही तडजोड तिथे का होऊ शकली नाही याचे उत्तर निबंधात दिले नसेल, तर तो निबंध मी गुण न देता परत करते.