साध्या ब्रशऐवजी इलेक्ट्रिक ब्रश वापरू लागताना

इलेक्ट्रिक टूथब्रश पहिल्यांदा हाती घेतला की बहुतेक जण तो सुरू करतात आणि त्यानेच पूर्वीसारखे खसाखसा दात घासू लागतात. साध्या ब्रशने घासण्याचे सगळे काम हातालाच करावे लागत असल्यामुळे ही सवय पक्की मुरलेली असते. परंतु नव्या ब्रशमध्ये ते काम मोटारीकडे गेलेले असते आणि हाताकडे उरते ते केवळ ब्रश योग्य जागी हलकेच टेकवणे आणि सावकाश पुढच्या दातावर नेणे. हात स्थिर ठेवण्याची ही सवय लागेपर्यंत महागड्या ब्रशचाही पुरेसा उपयोग होत नाही.

हा बदल करावा की नाही, याविषयी वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2014 मध्ये 56 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला होता. तीन महिन्यांहून अधिक काळ इलेक्ट्रिक ब्रश वापरणाऱ्यांच्या दातांवरील कीटण साध्या ब्रशच्या तुलनेत 21 टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज 11 टक्क्यांनी कमी आढळली. फरक आहे, पण साध्या ब्रशने दोन मिनिटे शांतपणे, कोपरे न चुकवता दात घासणाऱ्याने आपला ब्रश टाकूनच द्यावा इतका मोठा नाही. जोर लावून घासणारे, अर्ध्या मिनिटात आटोपणारे आणि संधिवातामुळे बोटे नीट वळत नसलेले लोक यांना मात्र या ब्रशचा फायदा ठळकपणे जाणवतो.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एकाचे डोके लहान व गोल असते आणि ते डावीकडे-उजवीकडे अर्धवट फिरत राहते. दुसरा सॉनिक, ज्याचे डोके साध्या ब्रशसारखे लांबट असून ते मिनिटाला हजारो वेळा थरथरते. दोन्ही चांगले आहेत. खरेदी करताना दोन मिनिटांचा टायमर आणि दाब जास्त झाल्यास सूचना देणारा सेन्सर या दोन सोयी पाहाव्यात; मोबाइलला जोडणारे अ‍ॅप आणि निरनिराळे पाच-सहा मोड यांसाठी जादा पैसे मोजण्याची गरज माझ्या मते नाही. ज्यांच्या शरीरात पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी मात्र वापरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

ब्रशचे डोके ओले करून त्यावर वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट घ्यावी, ब्रश तोंडात नेऊन दाताला टेकवावा, ओठ मिटावेत आणि मगच बटण दाबावे. हा क्रम उलटा झाला तर पेस्टचे शिंतोडे आरशावर आणि कपड्यांवर उडतात. मुठीत घट्ट आवळण्याऐवजी ब्रश बोटांच्या टोकांनी धरावा, म्हणजे दाब आपोआप कमी राहतो. गोल डोक्याचा ब्रश एकेका दातावर दोन-तीन सेकंद ठेवावा आणि दाताच्या वळणाबरोबर हिरडीच्या कडेपर्यंत न्यावा. सॉनिक ब्रशचे केस हिरडी आणि दात जुळतात त्या रेषेकडे सुमारे 45 अंशांत तिरके धरून तो हळूहळू सरकवावा. आधी बाहेरची बाजू, मग आतली, मग चावण्याचा पृष्ठभाग असा क्रम ठरवून टाकला की जागा चुकत नाहीत. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि शेवटच्या दाढेची मागची बाजू बहुधा राहून जाते. पुढच्या दातांसाठी ब्रश उभा धरावा, आणि मागच्या दाढेसाठी तोंड थोडे मिटून घ्यावे, म्हणजे गाल सैल पडून ब्रशला जागा मिळते. बहुतेक ब्रश दर 30 सेकंदांनी क्षणभर थबकतात किंवा वेगळा आवाज करतात. ती तोंडाच्या चार भागांपैकी यानंतरच्या भागाकडे जाण्याची खूण असते.

सुरुवातीचे काही दिवस नाकाशी, ओठांशी गुदगुल्या होतात आणि लाळही जास्त सुटते. सौम्य मोड असेल तर त्यापासून सुरुवात करावी. सवय झाली की गुदगुल्या थांबतात. हिरड्यांतून थोडे रक्त दिसले तर घाबरून ब्रश बंद करू नये, कारण आजवर नीट साफ न झालेल्या, सुजलेल्या जागी ते येऊ शकते. दाब कमी करूनही दोन आठवड्यांनंतर रक्त थांबले नाही, तर दंतवैद्यांना दाखवावे. दातांच्या फटी मात्र हा ब्रशही साफ करू शकत नाही, त्यासाठी फ्लॉस म्हणजे फटींतून फिरवायचा धागा किंवा फटींचा बारीक ब्रश लागतोच. घासून झाल्यावर पेस्ट थुंकून टाकावी. भरपूर पाण्याने चुळा भरल्यास दातांवर राहायला हवे असलेले फ्लोराइड वाहून जाते.

निगा फारशी नाही. रोज डोके काढून ते आणि आतला दांडा पाण्याने धुवावा, कारण त्या सांध्यात पेस्टचा चिकट काळपट थर साचतो. नंतर डोके झाकण न लावता उघड्यावर वाळू द्यावे. साधारण तीन महिन्यांनी, किंवा केस त्याआधीच फाकले तर तेव्हाच, नवे डोके लावावे. ब्रशची मूठ घरातील दोघांनी मिळून एकच वापरायला हरकत नाही, पण डोकी वेगवेगळी हवीत, आणि ती ओळखता यावीत म्हणून अनेकदा रंगीत कड्या दिलेल्या असतात.