बॉम्बची धूळ शोधायची तर आधी जागा शोधा

एम.एस्सी.ला पर्यावरणातल्या किरणोत्सर्गावर प्रोजेक्ट घेतलं की पुण्यात हमखास विचारतात, ‘इथं कुठं अणुबॉम्ब फुटलाय?’ नाही फुटला. पण १९४५ ते १९८० दरम्यान जगात ठिकठिकाणी उघड्या हवेत चाचण्या झाल्या, त्यांची धूळ वर गेली आणि पावसाबरोबर सगळीकडे उतरली. त्यातल्या सिझियम-१३७ या किरणोत्सारी द्रव्याचं अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे दर ३० वर्षांनी ते निम्मं उरतं. १९६३ च्या आसपास सर्वांत जास्त पडलं, त्यातलं साधारण पाव हिस्सा अजून मातीत आहे.

नवीन मुलं थेट डिटेक्टरकडे, म्हणजे किरण मोजणाऱ्या यंत्राकडे धावतात. तो शिकता येतो हो! खरा कस लागतो नमुन्याची जागा निवडताना. सिझियम चिकणमातीला घट्ट धरून राहतं, त्यामुळे न हललेल्या मातीत ते वरच्या थरातच सापडतं. नांगरलेलं शेत, भराव, झाडं लावायला चर खणलेली टेकडी, सगळं बाद. मला मुळशीकडची एक देवराई सापडली. गुरवमामांनी हटकलंच, ‘काय गं पोरी, देवाची माती कशापायी नेतेस?’ नीट समजावून सांगितल्यावर त्यांनीच पाणी न वाहणारी सपाट जागा दाखवली. असा माणूस भेटला की निम्मं काम झालं.

नळी ठोकून मातीचा उभा गाभा काढायचा, दोन-दोन सेंटिमीटरचे काप करायचे, वाळवायचे, चाळायचे, वजन करून डब्यात भरायचे. कंटाळवाणं आहे, पण इथली घाई पुढे कुठल्याच सॉफ्टवेअरने निस्तरत नाही.

डिटेक्टर मातीतून येणारे गॅमा किरण ऊर्जेनुसार मोजून आलेख काढतो. त्यावर सिझियमची खूण, म्हणजे एक शिखर, ६६२ केईव्हीला (किरणांच्या ऊर्जेचं एकक) दिसते. शेजारीच ६०९ ला नैसर्गिक बिस्मथ-२१४ बसलेलं असतं. सोडियम आयोडाइड डिटेक्टरवर क्षीण सिझियम म्हणजे बिस्मथच्या शिखराचा नुसता खांदा. जर्मेनियम डिटेक्टरवर दोन्ही शिखरं सुटी दिसतात. म्हणून शिसाच्या कवचात, द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या जर्मेनियमवर वेळ मिळवा. एकेका कापाला दिवसभर लागू शकतो, तेव्हा यंत्राच्या वहीत नाव आधीच घाला. त्याच धुळीतलं स्ट्रॉन्शियम-९० गॅमा नाही, फक्त बीटा किरण सोडतं, ते या पद्धतीने दिसणारच नाही. त्याला रसायनशास्त्राची प्रयोगशाळा लागते.

पुढे यातच नोकरी करायची असेल तर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेची जाहिरात दरवर्षी बघत जा. मुलाखतीची तयारी करताना पार्श्वभूमी (नमुना नसतानाही यंत्रात येणारी मोजणी) कशी वजा केली, अनिश्चितता किती धरली, हे स्वतःच्या आलेखावर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. आणि काही सापडलं नाही तर तक्त्यात शून्य लिहू नका, ‘शोधमर्यादेखाली’ (यंत्राला ओळखता येईल त्याहून कमी) लिहा आणि ती मर्यादा किती, तेही.