घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा छळ होतोय हे ओळखायचं कसं आणि मग करायचं काय

छळ म्हटलं की मारहाणच डोळ्यासमोर येते, पण बऱ्याच घरांत सुरुवात पैशापासून होते. पेन्शन मामाची, एटीएम कार्ड मुलाकडे आणि मामा बीपीची गोळी दिवसाआड घेतायत कारण स्ट्रिप संपली की परत हात पसरावा लागतो. फोन केला की कायम स्पीकरवर, नाहीतर "झोपलेत". चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली ती कित्येक महिने तशीच. मावशीला काही विचारलं तर ती आधी सुनेच्या तोंडाकडे बघते मग बोलते. पडल्यावर गुडघा, कोपर फुटतं, दंडावर बोटांचे वळ उठत नाहीत (रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर जरा धक्क्यानेही काळंनिळं पडतं, म्हणून डॉक्टरला दाखवा).

मग एकटं गाठा, देवळात, दवाखान्यात कुठेही. "त्रास देतात का" असं थेट विचारू नका, आई लोक "छे गं, काही नाही" म्हणूनच सुटतात. पासबुक कुठे असतं, औषध कोण आणतं, दुपारी काय जेवलात असं विचारा. आणि लगेच मुलाला जाब विचारायला जाऊ नका प्लीज, तुम्ही भांडून आपल्या घरी जाल, तिला रात्री तिथेच झोपायचंय.

हाणामारी होत असेल तर थांबू नका, सरळ 112. नुसता सल्ला हवा असेल तर एल्डरलाइन 14567, सकाळी 8 ते रात्री 8, फुकट आहे. बँकेत त्यांना सोबत नेऊन जुनं कार्ड बंद करा, खात्याला त्यांचाच मोबाईल नंबर लावा.

आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळासाठीच्या 2007 च्या कायद्याने प्रांत ऑफिसात मुलांकडून निर्वाहाचे पैसे मिळावेत म्हणून अर्ज करता येतो, महिना 10,000 पर्यंत मिळू शकतात, वकील लावायलाच पाहिजे असं नाही, आणि त्यांना जमत नसेल तर त्यांच्या संमतीने तुम्हीपण अर्ज देऊ शकता.

सगळ्यात मोठी गोची म्हणजे बक्षीसपत्र. "सही कर ना आई, फॉर्मॅलिटी आहे" म्हणून फ्लॅट नावावर करून घेतात आणि मग आई गॅलरीत. याच कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द होऊ शकतं, पण सांभाळायची अट कागदात लिहिलेली असेल तर केस पक्की, नसेल तर कोर्टात घासाघीस. म्हणून सहीच्या आधी अट घालून घ्या, आणि सही होऊन गेली असेल तर पहिलं काम म्हणजे रजिस्ट्रार ऑफिसातून त्या दस्ताची नक्कल काढून नीट वाचा.