पिनकोड फोडायचा कसा? मोठ्या संख्येचे मूळ अवयव काढण्याची रीत

सहा अंकी संख्या दिसली की बरेच जण थेट कॅल्क्युलेटर काढतात. खरं तर तिचे मूळ अवयव कागदावरही निघतात, आणि संख्येचा स्वभाव हातानं भागाकार करतानाच कळतो. सरावाला नागपूर जीपीओचा पिनकोड घेऊ: ४४०००१. (पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून आहेत.)

१. सोप्या कसोट्या आधी उरका. शेवटी १ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४+४+१ = ९, तेव्हा ९ नं भाग जाणारच. ४४०००१ ÷ ९ = ४८८८९. याच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे आता ३ चं काम संपलं.

२. थांबायचं कुठे ते ठरवा. ही पायरी गाळू नका, सगळी मेहनत इथेच वाचते. संख्या संयुक्त असेल, तर तिचा एक तरी मूळ अवयव वर्गमुळाच्या आत सापडतो. दोन्ही अवयव वर्गमुळाहून मोठे असते, तर गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. ४४०००१ चं वर्गमूळ ६६३ च्या किंचित पुढे आहे आणि तिथवर १२१ मूळ संख्या आहेत. ४८८८९ चं वर्गमूळ मात्र २२१ च्या जरासं पुढे, आणि तिथवर फक्त ४७. एक ९ बाहेर काढला आणि काम निम्म्याहून कमी झालं!

३. क्रमानं भागत जा. लांबलचक भागाकार मांडायची गरज नाही, मोठे गठ्ठे वजा करा. १३ साठी: ४८८८९ मधून ३९००० गेले, उरले ९८८९. त्यातून ९१०० गेले, ७८९. त्यातून ७८० गेले, बाकी ९. म्हणजे १३ नाही.

७ नं भागलं तर बाकी १. ९७ नं भागलं तरी बाकी १! कारण शेजारची ४८८८८ ही संख्या ८ × ९ × ७ × ९७ अशी सहज फुटते. ४८८८९ मात्र २११ पर्यंत (२२१ च्या आतली शेवटची मूळ संख्या) कुणालाच दाद देत नाही. ती मूळ संख्या आहे. म्हणून ४४०००१ = ३ × ३ × ४८८८९, आणि विभाजक फक्त सहा: १, ३, ९, ४८८८९, १४६६६७, ४४०००१.

आता राणाप्रताप नगरचा ४४००२२ बघा. एक सोडून एक अंकांची बेरीज दोन्हीकडे ६, म्हणजे ११ नं भाग जातो. २, ३ आणि ११ काढल्यावर उरतात ६६६७. त्याचं वर्गमूळ ८२ च्या आत. ७ पासून चढत गेलात की ५९ वर कुलूप उघडतं: ५९ × ११३. पाच वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकतर घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून विभाजक २ × २ × २ × २ × २ = ३२. आकारानं जवळपास सारख्याच दोन संख्या, पण एकीला ६ विभाजक आणि दुसरीला ३२. मला तरी यात फार गंमत वाटते.

धरमपेठेचा ४४००१० तुम्ही करून बघा. १० आणि ९ काढल्यावर ४८८९ उरेल. त्याला ६७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी तपासलं की पुरे.