एलएम३८६ अँप्लिफायरची पुटपुट कशी थांबली

झिरो पीसीबीवर (पार्ट सोल्डर करायच्या भोकांच्या साध्या बोर्डवर) एलएम३८६ या आवाज वाढवणाऱ्या आयसीचा छोटा माइक अँप्लिफायर जोडला. ९ व्होल्टच्या बॅटरीवर आवाज स्वच्छ यायचा. अडॅप्टर लावला की मागे सतत घरघर, आणि आवाज वाढवला की स्पीकरमधून पुट-पुट-पुट.

माइकची वायर बदलून काहीच फरक पडला नाही, म्हणून सप्लायकडे वळलो. स्पीकर दणकून वाजतो तेव्हा आयसी झटक्यात करंट ओढते. लांब वायरीमुळे तेवढ्यापुरता व्होल्टेज खाली येतो. कंडेन्सर माइकला त्याच सप्लायवरून १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून व्होल्टेज मिळत होता, त्यामुळे व्होल्टेजचा तो चढउतार थेट इनपुटला जाऊन पुन्हा वाढून बाहेर यायचा. पुटपुट इथूनच होती.

आधी पिन ६ (सप्लाय) आणि ४ (ग्राउंड) च्या मध्ये, आयसीच्या अगदी पोटाशी, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला. पाय शक्य तितके आखूड कापले. लांब पायांचं इंडक्टन्स (करंटच्या झटपट बदलाला होणारा विरोध) वरच्या फ्रिक्वेन्सीला त्याचं काम निम्मं करून टाकतं. शेजारी ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, आणि आयसीच्या बायपास पिन ७ वरून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड. घरघर बरीच उतरली, पुटपुट मात्र थोडी उरली.

खरा फरक माइकला व्होल्टेज देणाऱ्या फांदीने पडला. तिथे सप्लायकडून १ किलोओहमचा रेझिस्टर आणि मग ग्राउंडला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला. आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज, अडॅप्टरमधल्या फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) १०० हर्ट्झचा. ही जोडी तो सुमारे साठपट कमी करते. आता आवाज पूर्ण वाढवला तरी पुटपुट नाही. असा माइक सर्किटमध्ये असेल तर हे दोन पार्ट मी पहिल्यापासूनच लावतो.