क्रूझवरून एक दिवस सुओमेनलिन्नाला जाताय? या चुका टाळा

पुण्याहून बाल्टिक क्रूझ करणारे हल्ली बरेच झालेत, आणि हेलसिंकीच्या दिवशी काय करायचं यावर बहुतेकांचं उत्तर एकच, सुओमेनलिन्ना. उत्तर बरोबरच आहे. हेलसिंकीसमोरच्या बेटांवर स्वीडनने १७४८ ला बांधायला घेतलेला सागरी किल्ला, १८०८ ला रशियाकडे गेला, १९१८ पासून फिनलंडचा, आणि १९७३ पर्यंत तिथे लष्कराचा तळ होता. कॅम्प आणि खडकीच्या गावातल्या माणसाला हे बघायला आवडणारच. पण लोकांची फजिती किल्ल्यात होत नाही, ती होते घड्याळ आणि बोटीच्या घोळात.

सगळ्यात मोठी चूक घड्याळाची. जहाज स्टॉकहोमहून येत असेल तर हेलसिंकीचं घड्याळ तिथल्यापेक्षा एक तास पुढे. आता आपण काय करतो, समुद्रात जहाजाचं महागडं नेटवर्क लागून बिल यायला नको म्हणून फोन एअरप्लेन मोडवर टाकतो (टाकाच), पण मग फोनवर स्वीडनचाच टाइम राहू शकतो आणि तुम्ही तटावर बसून "अजून दीडच तर वाजलाय" म्हणत आइस्क्रीम खाताय तेव्हा तिथे अडीच वाजलेले असतात. उतरताना गँगवेपाशी, म्हणजे जहाजाच्या शिडीपाशी, ऑल अबोर्डची (सगळ्यांनी जहाजावर परत यायची) वेळ लावलेली असते तिचा फोटो काढा, आणि ही वेळ जहाजाच्या घड्याळाची की इथली, हे तिथे उभ्या माणसाला सरळ तोंडी विचारा, लाजू नका. दुसरं म्हणजे ऑल अबोर्ड ही जहाज सुटायची वेळ नसते, त्याच्या अर्धा-एक तास आधीची असते.

मग हिशोब उलटा मांडायचा. समजा ऑल अबोर्ड साडेचार, तर बेटावरून अडीचच्या सुमाराची फेरीबोट धरा, साडेतीनच्या भरवशावर राहू नका. फेरीला १५ मिनिटंच लागतात हो, पण मोठी जहाजं बऱ्याचदा हेर्नेसारीच्या धक्क्याला लागतात, तिथून फेरी जिथे लागते तो बाजार चौक साधारण ३ किलोमीटर, आणि उन्हाळ्यात दुपारी सगळ्या जहाजांची माणसं एकदमच परतायला निघतात, त्यामुळे बेटाच्या धक्क्यावर जी रांग लागते ती बघून घाम फुटतो.

बोट कुठली? बाजार चौकातून, म्हणजे कौप्पातोरीवरून, शहराच्या बस-ट्रामवाल्या एचएसएलची फेरी सुटते, आणि उन्हाळ्यात तिथूनच जेटी-लाइन नावाची खाजगी वॉटरबसही सुटते. तिकिटं वेगळी, एकाचं दुसऱ्यावर चालत नाही, आणि इथेच लोक गंडतात. एचएसएलचं एबी झोनचं तिकीट बस, ट्राम, फेरी सगळ्याला चालतं, म्हणून दिवसाचा पासच काढा. चढताना कोणी तिकीट बघत नाही म्हणून फुकट बसायचा मोह नको, तपासनीस येतात आणि दंड घेतात.

बेटावर मात्र प्रवेश फीच नाही. तिकीटखिडकी शोधत फिरू नका. पैसे लागतात ते म्युझियम आणि व्हेसिक्को पाणबुडीला, आणि पाणबुडी बघाच. दुसऱ्या महायुद्धात वापरलेली आहे, नंतर १९४७ च्या पॅरिस तहाने फिनलंडला पाणबुड्या ठेवायलाच बंदी झाली आणि ही एकटी उरली. आत इतकी चिंचोळी की सहा फुटी माणसाला मान वाकवावीच लागते. फक्त उन्हाळ्यात उघडी असते.

"आलोच आहोत तर सगळं बघू" ही आपली खास सवय, ती इथे नडते. मुख्य धक्क्यापासून किंग्ज गेट या किल्ल्याच्या जुन्या दरवाजापर्यंत निळ्या पाट्यांचा रस्ता आहे, एकीकडून साधारण दीड किलोमीटर, तेवढाच धरा. तेही जेटी-लाइनने थेट किंग्ज गेटला उतरून, चालत मुख्य धक्क्याला येऊन, एचएसएलने परत आलात तर तोच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. वाटेत चर्च लागेल, त्याच्या घुमटावर दीपस्तंभाचा दिवा आहे.

सिंहगडासारखा चढ नाही म्हणून चपला घालून जाल तर पायाची वाट लागेल, सगळे गोटे बसवलेले रस्ते आहेत. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर चर्च आणि म्युझियम करून कॅफेत बसवा, किंग्ज गेटचा हट्ट नको. भुयारांत मिट्ट काळोख असतो, मोबाईलचा टॉर्च लागतोच, आणि तटाला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, तेव्हा सेल्फी घेताना पोरांचा हात सोडू नका. आणि हो, बेटावर साधारण ८०० लोक राहतात, अंगणं त्यांची आहेत. शेजारच्या छोट्या बेटावर आजही नौदलाची अकादमी आहे, एनडीएच्या गेटवर जसं उगाच घुसत नाही तसंच इथे.

बुफेतली फळं-सँडविच पिशवीत घालून उतरू नका, अडवतात. पाण्याची रिकामी बाटली न्या, नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं.

इतकं करूनही उशीर झालाच तर? तुम्ही जहाजाचीच सहल घेतली असेल तर जहाज सहसा थांबतं, स्वतःहून गेला असाल तर नाही. म्हणून रोज केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकावर पोर्ट एजंटचा (जहाज कंपनीच्या बंदरातल्या माणसाचा) नंबर असतो तो लिहून ठेवा, उशीर होतोय म्हटल्यावर लगेच फोन लावा, धक्क्यावर धावत जाऊन हात हलवण्यात अर्थ नाही. पासपोर्ट बऱ्याच जहाजांवर रिसेप्शनला जमा असतो, तेव्हा पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स, क्रेडिट कार्ड आणि रोजच्या गोळ्या खिशात पाहिजेतच. पुढचं बंदर एस्टोनियातलं टॅलिन असेल तर फार घाबरू नका, हेलसिंकीहून फेरीने दोन-अडीच तासांत पोचता, दोन्ही शेंगेनमध्येच, म्हणजे एकाच व्हिसाच्या युरोपीय देशांत. भाडं मात्र तुमच्याच खिशातून.